प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचा नसतो

शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे निदान घरच्या घरीच होते, मूळव्याध! अहिल्यानगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी गेलात तर ‘मूळव्याधीवर विनाऑपरेशन इलाज’ अशी पाटी हमखास दिसते. पाथर्डी, शेवगावकडचा ऊसतोड मजूर तर हंगाम बुडू नये म्हणून चूर्ण आणि मलमावर महिनेच्या महिने काढतो. बहुतेकांना खरोखर मूळव्याधच असते. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

ग्रामीण भागात मोठ्या आतड्याचा कर्करोग तसा कमी. जामखेडशेजारच्या भूम तालुक्यासह बार्शी परिसरात १९८७ पासून चाललेल्या कर्करोग नोंदणीतही हेच दिसते. त्यामुळे तिशीतल्या रुग्णाबाबत ही शंका डॉक्टरांच्याही मनात चटकन येत नाही. नेमका याच वयात आढळणारा एक दुर्मीळ प्रकार म्हणजे ‘सिग्नेट रिंग सेल’ कर्करोग. यात पेशीत चिकट द्राव साठतो, केंद्रक कडेला ढकलले जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. जगभरात मोठ्या आतड्याच्या शंभर कर्करोगांमागे साधारण एक असा असतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या अभ्यासांत मात्र हे प्रमाण बरेच जास्त आणि रुग्ण तुलनेने तरुण आढळले आहेत.

हा आजार फसवा असतो. इतर गाठींसारखा तो नेहमीच आत उठून दिसत नाही. अस्तराखालून पसरतो, आतडे आवळत आणतो. वरवरचा तुकडा तपासला तर अहवाल ‘कर्करोग नाही’ असा येऊ शकतो. अशा वेळी शंका कायम असेल तर खोलवरचा तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. पोटाच्या आवरणावर त्याची पसरण बारीक दाण्यांसारखी असल्याने स्कॅनमध्येही ती कधी कधी निसटते.

उपचार आजाराच्या टप्प्यावर ठरतात. आतड्याचा बाधित भाग आणि भोवतालच्या लसिका ग्रंथी काढतात. किमान १२ ग्रंथी तपासल्या गेल्या तरच आजार किती पसरला याचा भरवशाचा अंदाज येतो. त्यानंतर बहुधा केमोथेरपी असते. गाठ गुदाशयात असेल तर अनेकदा आधी रेडिएशन आणि केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया. तुकड्यावर ‘एमएसआय’ चाचणी जरूर करावी. ती विशिष्ट प्रकारची आली तर प्रतिकारशक्तीला जागे करणारी इम्युनोथेरपी उपयोगी पडू शकते. शिवाय आजार आनुवंशिक असण्याची शक्यता कळते आणि भावंडांची वेळीच तपासणी करता येते. खर्चाच्या धास्तीने उपचार टाळू नयेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे.

हा कर्करोग आक्रमक आहे आणि उशीर झाल्यास हाती फारसे उरत नाही. म्हणूनच पहिली तपासणी महत्त्वाची. हातमोजा घालून बोटाने केलेली गुदद्वाराची तपासणी मिनिटभराची असते, तिला यंत्र लागत नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातील बऱ्याच गाठी तिथेच हाताला लागतात. लाजेपोटी रुग्ण ती टाळतो आणि गर्दीपोटी डॉक्टर.

रक्त दोन-तीन आठवडे पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल, रक्त कमी झाले असेल किंवा पोट फुगून दुखत असेल, तर वय २५ असो की ६५, ही तपासणी करून घ्या. गरज असल्यास दुर्बिणीतूनही आतडे तपासून घ्या. मूळव्याध निघाली तर आनंदच आहे. पण ती आहे हे तपासून ठरू द्या.