घाटात गाडी तापली तर

आपल्या भागाला मोटार नवी नाही. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. धावली, ती नगर-पुणे मार्गावरच. आता तर पुष्कळ घरांपुढे स्वतःची जीप किंवा मोटार उभी असते. काही गाड्या जुन्या विकत घेतलेल्या असतात. दिवाळीची सुट्टी लागली, लेकी-नातवंडे घरी आली, की सगळे मिळून देवाला निघतात. कोणी मोहटादेवीला जातात, कोणी मढीला कानिफनाथांकडे. भिंगारहून पाथर्डीकडे निघाले की वाटेत करंजीचा घाट लागतो. जुनी गाडी धाप टाकते ती अशाच ठिकाणी. पुढून वाफ येते आणि गाडी थांबते.

असे का होते? ते आपण समजून घेऊ.

इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळते. त्याच्या उष्णतेचा थोडाच भाग चाके फिरवायला लागतो. बाकीची उष्णता बाहेर काढावी लागते. त्यासाठी इंजिनाभोवती पाणी खेळवलेले असते. ते तापते आणि पुढच्या जाळीत येते. या जाळीला रेडिएटर म्हणतात. तिच्या बारीक नळ्यांतून पाणी जाते. समोरचा वारा आणि पंखा ते निववतात. निवलेले पाणी पुन्हा इंजिनाकडे जाते. हा फेरा सारखा चालू असतो.

आता घाट बघा. चढावर इंजिनाला जोर जास्त लागतो, म्हणून उष्णता वाढते. गाडी मात्र हळू चालते, म्हणून वारा कमी मिळतो. त्यात सहा माणसांच्या जागी दहा बसवली, तर काय होणार? गाडी जुनी असली तर आणखी भर पडते. पाणी तापवायच्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो ना? तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. रबरी नळ्या चिरतात. पंख्याचा पट्टा सैल होतो. मग पाणी निवत नाही, ते उकळते.

गाडीतला उष्णतेचा काटा वर चढू लागला, की लगेच थांबावे. वळणावर थांबू नये. रस्त्याच्या कडेला, मागून येणाऱ्याला दिसेल अशी गाडी लावावी. वाफ येत असेल तर इंजिन बंद करावे. हँडब्रेक ओढावा. चाकाला दगडाची अडण लावावी, म्हणजे गाडी घरंगळणार नाही. चारी बाजूंचे लुकलुकते दिवे लावावेत. माणसांना, विशेषतः मुलांना, खाली उतरवून रस्त्यापासून दूर बसवावे.

अशा वेळी एखादा पोरगा धावत पुढे येतो. म्हणतो, "काका, झाकण काढतो, पटकन पाणी घालू!" त्याचा हात तिथेच धरा. घरातला कुकर आठवा. वाफ कोंडलेली असताना आपण त्याचे झाकण उघडतो का? रेडिएटरचेही तसेच आहे. झाकण घट्ट असल्याने आतले पाणी शंभर अंशांहूनही जास्त तापलेले असते. झाकण निघताच ते उसळून तोंडावर येते. डोळे जाऊ शकतात, कातडी सोलून निघते.

म्हणून निदान अर्धा तास थांबा. दशम्या सोडा, पोरांना खाऊ द्या. जाळी हाताला गार लागली, की झाकणावर जाड फडके धरा. तोंड बाजूला ठेवून थोडेच फिरवा. वाफ उरली असेल तर ती जाऊ द्या. मगच पूर्ण काढा. पाणी हळूहळू घाला. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले, तर लोखंडालाही तडा जातो.

कोणी भाजलेच, तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. जखम मोठी असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

पाणी घातल्यावर ते पुन्हा गळत असेल, तर गाडी पुढे रेटू नका. मिस्त्रीला बोलवा. देवीचे दर्शन उद्याही होईल. जळलेले इंजिन मात्र हजारो रुपये मागते.

सगळ्यात चांगले म्हणजे आदल्या दिवशी, इंजिन गार असताना, गाडी बघून घ्यावी. पाणी किती आहे? नळ्या चिरल्या आहेत का? पट्टा सैल आहे का? ब्रेक लागतात का? जादा चाकात हवा आहे का? कागदपत्रेही पाहावीत. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. गाडीत पाण्याचा एक कॅन, जॅक, पाना आणि बॅटरी ठेवावी.

बैल थकला, की आपण जू उतरवून त्याला पाणी दाखवतो. त्याच्या डोळ्यांकडे पाहून आपल्याला ते कळते. गाडीला डोळे नाहीत, काटा आहे. त्या काट्याकडे लक्ष असू द्या.