घरच्या लेथला मोटर बसविताना



मी इंजिनियर नव्हे. माझे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे काही शिकलो ते लेथवर उभे राहून आणि युनियनच्या कचेरीत कामगारांच्या तक्रारी लिहिता लिहिता. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते हाताला पटलेले असेल तेवढेच सांगेन.

कारखाना बंद पडतो किंवा टर्नर स्वेच्छानिवृत्ती घेतो. हाती आलेल्या पैशांतून तो एखादा जुना, लहान लेथ विकत आणतो, घराच्या पडवीत मांडतो आणि मला विचारतो, "साहेब, याला किती एचपीची मोटर बसवू?" माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावयाचा. त्याच्या आधी तीन प्रश्न आहेत. चक किती वेगाने फिरावयाचा? त्या वेगाला जोर किती उरतो? आणि यंत्र थांबते कसे?

पहिला प्रश्न वेगाचा. टूल आणि जॉब यांची गाठ पडते ती जॉबच्या परिघावर. म्हणून फेरे जॉबच्या जाडीवर ठरतात. साधे माइल्ड स्टील हायस्पीड स्टीलच्या टूलने कापताना परिघाचा वेग मिनिटाला सुमारे 30 मीटर धरावा. जॉबचा व्यास 25 मिलिमीटर असेल तर हिशेबाने मिनिटाला सुमारे 380 फेरे येतात. व्यास 100 मिलिमीटर असेल तर तेच फेरे 95 वर येतात. उलट, 10 मिलिमीटरची पितळेची कांडी मिनिटाला 60 मीटर वेगाने कापावयाची, तर 1900 फेरे लागतात. म्हणजे एकाच पडवीत, एकाच लेथवर, वेगात विसांपटीचा फरक पडतो. मोटर मात्र एकच वेग जाणते. आपल्या 50 सायकलच्या विजेवर चालणारी चार पोलची मोटर भाराखाली मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते, मग जॉब लहान असो की मोठा.

हा वेग उतरविण्याचा जुना मार्ग पट्ट्याचा. मोटरवर 75 मिलिमीटरची पुली आणि मधल्या शाफ्टवर 225 मिलिमीटरची पुली घातली की 1440 चे 480 होतात. ए सेक्शनच्या व्ही-पट्ट्याला 75 हून लहान पुली घालू नये. पट्टा फार वाकतो आणि लवकर जातो. मधल्या शाफ्टवरून स्पिंडलवर तीन पायऱ्यांची पुली घ्यावी. पायऱ्या दुप्पट, बरोबरी आणि निमपट अशा ठेवल्या तर 960, 480 आणि 240 फेरे मिळतात. लेथला सहास एक असा बॅकगिअर असेल, तर आणखी 160, 80 आणि 40 मिळतात. सहा वेग झाले. घरच्या बहुतेक कामाला एवढे पुरतात. बारीक पितळी काम थोडे सावकाश होईल इतकेच.

अलीकडे पट्टा हलविण्याचा त्रास नको म्हणून पुष्कळजण 'ड्राइव्ह' बसवितात. त्यालाच व्हीएफडी म्हणतात. घरातली 230 व्होल्टची सिंगल फेज वीज घेऊन ही पेटी तिची थ्री फेज करते आणि विजेच्या आवर्तनांची संख्या बदलून मोटरचा वेग बदलते. वस्तू चांगली आहे. मोटरच्या नावपट्टीवर 230 व्होल्ट डेल्टा जोडणी दिलेली असली पाहिजे, आणि ड्राइव्ह व मोटर यांच्यामध्ये दुसरा खटका घालू नये, एवढे पथ्य पाळावे.

परंतु येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरचा 1440 फेऱ्यांना पीळ सुमारे अडीच न्यूटन-मीटर असतो; मीटरभर लांब पान्याच्या टोकाला पाव किलो वजन टांगावे, तेवढा. पट्ट्याने वेग सहापट उतरवून 240 केला, तर घर्षणात जाते ते सोडून पीळ सहापट वाढतो. पान्याला जणू दीड किलो लागले. ड्राइव्हने तोच वेग 240 वर आणला, तर पीळ पाव किलोचाच राहतो. वेग उतरला, जोर वाढला नाही. मग जाड जॉबवर कट घेताच मोटर गुरगुरते आणि थांबते. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने तोही मंदावतो आणि मोटर तापते. म्हणून ड्राइव्ह बसविला तरी पुल्या आणि बॅकगिअर काढून टाकू नयेत. मोठा फरक पुलीने करावा, बारीक फरक ड्राइव्हने. एवढे केले म्हणजे 90 ते 100 मिलिमीटर सेंटर-उंचीच्या लेथला अर्धी ते पाऊण अश्वशक्ती पुरते.

आता तिसरा प्रश्न. माझ्या ओळखीच्या एका टर्नरने मोटर साध्या खटक्यावर जोडली होती. काम चालू असता वीज गेली. खटका चालूच राहिला. त्याने चकला चावी लावली आणि जॉब सैल करू लागला. तेवढ्यात वीज आली. उजव्या हाताची दोन बोटे गेली. कारखान्यात असे घडते तर आम्ही भरपाईचा दावा लावला असता. येथे दावा कोणावर लावावयाचा? मालक तोच आणि कामगारही तोच.

त्याला हवा होता तो पुश-बटणाचा स्टार्टर. त्यात विजेच्या गुंडाळीवर धरून ठेवलेला कॉन्टॅक्टर असतो. वीज गेली की तो सुटतो, आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. ओव्हरलोड रिले मोटरच्या नावपट्टीवरील अँपिअरला लावावा, म्हणजे मोटरही जळत नाही. ड्राइव्ह असेल तर त्याचा आपोआप पुन्हा चालू होण्याचा गुण बंद ठेवावा, आणि चालू करण्यासाठी दाबून सोडावयाचे बटणच जोडावे. चक आट्यांवर बसविलेला असेल तर ड्राइव्हने एकदम थांबवू नये वा उलटा फिरवू नये. चक उलगडून अंगावर येतो. मोटरला आणि लेथच्या अंगाला अर्थिंग द्यावे. पट्ट्यावर पत्र्याचे आच्छादन हवेच. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 21 व्या कलमाने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे मालकावर बंधनकारक केले, ते अशाच बोटांसाठी. घराच्या पडवीत इन्स्पेक्टर येत नाही; ते काम आपले आपणच करावयाचे.

जाताना एक परीक्षा सांगतो. तिला पैसा लागत नाही. चकमध्ये चावी नाही हे पाहून लेथ चालू करा. दूर उभे राहून भिंतीवरचा मुख्य खटका बंद करा. चक थांबू द्या. ड्राइव्ह असेल तर त्याचे दिवे विझू द्या. मग खटका पुन्हा लावा. चक स्वस्थ राहिला तर कामाला लागा. तो आपणहून फिरू लागला, तर त्या दिवशी काम बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा. एक दिवसाची मजुरी बुडेल. ती दुसऱ्या दिवशी भरून काढता येते.