सिद्धार्थचा ‘शिद्या’ कोणी केला?

संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्या कोणत्याही वस्तीतून एक फेरी मारून पाहावी. आम्ही गेल्या महिन्यात मारली. अर्ध्या तासात कानावर आले ते असे : “शिद्या, मेल्या, नळ बंद कर!” “ए राहुल्या, बहिरा झालास का?” “सुजे, कुठं उलथलीस?” घरोघरी भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि त्या तसबिरींखाली ही भाषा. बरे, कोणी कोणावर रागावलेलेही नव्हते. नेहमीचेच बोलणे चालले होते.

आमच्या आजोबांचे नाव धोंडू. गावाने तेवढे साधे नावही कधी पुरते घेतले नाही. पाटलाचे मिसरूड न फुटलेले पोर साठीच्या आजोबांना “अरे धोंड्या” म्हणे आणि आजोबांनी त्याला “जोहार मायबाप” म्हणायचे, हा रिवाज. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आपल्या घरांतून धोंडू, दगडू, भिकू, केरू ही नावे मागे पडत गेली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा, सुजाता आली. ती काही हौस नव्हती. माणूस म्हणून मान मिळावा, याची ती सुरुवात होती. मग गावाने जे धोंडूचे केले, तेच आपण आपल्या सिद्धार्थचे का करावे?

कोणी म्हणेल, आम्ही लाडाने म्हणतो. लाडाची हाक आम्हालाही कळते आणि मुलालाही आवाजावरून बरोबर कळते. आम्ही बोलतो आहोत ते ज्या हाकेमागून ‘मेल्या’ येते, तिच्याबद्दल.

ही भाषा घरात येते कोठून, हे आम्हाला फार उशिरा उमगले. आमचे वडील मुंबईच्या गोदीत हमाली करीत. तिथला मुकादम त्यांना “ए बैला” म्हणून हाक मारी. हे आम्हाला कळले ते वडील गेल्यावर, त्यांच्या एका सोबत्याकडून. लहानपणी एवढेच ठाऊक होते की, वडील घरी आले की आम्हाला बैल म्हणतात. गणित चुकले, बैल. पाणी सांडले, बैल. आईला काय म्हणत, ते येथे लिहिण्यासारखे नाही. मुकादमाला उलट बोलावे तर हजेरी जायची. म्हणून दिवसभर गिळलेला शब्द रात्री घरात सांडे. त्यांच्या हाताखाली आम्हीच तर होतो.

एका वर्षावासात विहारात भन्तेजींनी जातकातली नन्दिविसाल नावाच्या बैलाची गोष्ट सांगितली. मालकाने त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याचे उपकार फेडावेत म्हणून बैलानेच मालकाला एका सावकाराशी पैज लावायला सांगितले. एकट्या बैलाने वाळू-दगडांनी भरलेल्या शंभर गाड्या ओढायच्या, पैज हजार नाण्यांची. बैल जुंपला, गळ्यात माळ घातली आणि मालक धुरेवर बसून ओरडला, “चल रे लबाडा, ओढ!” बैल चारी पाय खांबासारखे रोवून उभा राहिला. पैज गेली. घरी तोंड पाडून बसलेल्या मालकाला बैलाने विचारले, “इतक्या वर्षांत मी तुमच्या घरातलं एक मडकं तरी फोडलंय का? मग मी लबाड कसा? आता दोन हजारांची पैज लावा, पण मला तसं म्हणू नका.” दुसऱ्या वेळी मालकाने पाठीवरून हात फिरवला, चांगल्या शब्दांनी हाक दिली आणि बैलाने शंभरच्या शंभर गाड्या ओढल्या.

मुले हसली. आम्हीही हसलो. वडील मात्र परत येताना वाटभर गप्प होते. त्या दिवसापासून त्यांची शिवी सुटली असे सांगितले, तर ते खोटे होईल. पण आम्हाला बैल म्हणणे बंद झाले. कधी तोंडाशी आलेच तर मध्येच थांबत आणि तंबाखूची डबी शोधू लागत.

आपण पंचशील घेतो, त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. पुष्कळांना वाटते, खोटे बोललो नाही म्हणजे वाणीचा हिशेब संपला. धम्मात वाणीचे दोष चार सांगितले आहेत. खोटे बोलणे हा त्यांतला एक. चहाडी म्हणजे पिसुणा वाचा, कठोर बोलणे म्हणजे फरुसा वाचा, आणि वायफळ बडबड म्हणजे सम्फप्पलाप, हे बाकीचे तीन. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सम्यक वाचा समजावताना त्यांनी एक फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. सम्यक वाचा ही भीतीपोटी किंवा मर्जी राखण्यासाठी पाळायची नसते. वरचा काय म्हणेल, आपले नुकसान किती होईल, हा तिचा माप नव्हे. हा भाग वाचला की आम्हाला मुकादम आठवतो. साहेबापुढे “जी साहेब” आणि घरी बायकोला शिवी, यातले पहिलेही सम्यक नाही आणि दुसरेही नाही. दोन्हीकडे बोलते ती भीतीच.

आमच्या एका तरुण मित्राला हे पटले नाही. तो म्हणाला, “पिढ्यान् पिढ्या आपण मऊच बोललो. आता कुठं आवाज चढलाय, तर तुम्ही पुन्हा हळू बोला म्हणता!” त्याचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. रेशन दुकानदार मापात मारत असेल, कचेरीतला बाबू हेलपाटे घालायला लावत असेल, तर आवाज जरूर चढवावा. जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तक्रार करावी. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पहिले पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’. ज्यांना तोंड असून बोलता येत नव्हते, त्यांच्यासाठी ते होते. एवढ्या कष्टाने मिळालेली वाचा सासूने सुनेला “तुझ्या आईनं हेच शिकवलं का?” म्हणण्यात खर्च करावी काय, एवढेच आमचे विचारणे आहे.

आणि शिव्यांचे तर बोलूच नये. भांडण दोन पुरुषांचे, आणि शिवी लागते आईला नाहीतर बहिणीला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना नवऱ्याची मैत्रीण, बरोबरीची म्हणून उभे राहायला सांगितले होते. ज्या घरात बायकोला नावच नाही, ‘ए’, ‘अगं ए’ एवढेच आहे, तिथे बरोबरी कुठून येणार? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानेही शिव्या देणे, हिणवणे, मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणे यांना हिंसाच म्हटले आहे. मारले नाही, नुसते बोललो, ही सबब आता कायद्यालाही चालत नाही.

काय करावे, असे भगिनी विचारतात. मोठे काही नाही. “दिवसभर घरात काय करतेस?” असे म्हणण्याआधी ती चार घरची धुणीभांडी करून आली आहे, हे आठवावे. नवऱ्याचे काम सुटले असेल तर “बसून खाता” हा शब्द गिळावा. तो त्याने स्वतःला दिवसातून दहादा ऐकवलेला असतो. मुलगा नापास झाला तर “मठ्ठ आहेस” न म्हणता “कोणता विषय राहिला?” विचारावे. मार्क कमी पडले ते पेपरात, त्याच्या माणूसपणात नव्हे. भगवान बुद्धांनी राहुलाला सांगितले होते, आरशात पाहावे तसे बोलण्याआधी, बोलताना आणि बोलून झाल्यावर स्वतःकडे पाहत जा. ज्या घरी राहुल आहे, त्या घरच्यांनी तरी हे लक्षात ठेवावे. मोबाइलवरच्या भावकीच्या ग्रुपलाही तेच लागू आहे. रात्री रागात टाइप केलेले सकाळी पुसले, तरी वाचणाऱ्याने ते वाचलेले असते.

आमच्या शेजारच्या वहिनींनी हे ऐकून मुलाला पूर्ण नावाने हाक मारायचे ठरवले. पहिल्या दिवशी त्या दारातून म्हणाल्या, “सिद्धार्थ, जरा इकडे ये बाळा.” पोरगे खेळ टाकून आले आणि चार हात दूर उभे राहून घाबऱ्या आवाजात म्हणाले, “मी काय केलं?” वहिनींना हसू आले, मग डोळ्यांत पाणी आले. असेच दोन-तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्यांनी हाक मारली, तेव्हा त्याने खेळता खेळताच “ओ” दिली.