पेटीत सूर कसा राहतो?

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर. आपल्या या भागात भजनाला आता विजेची पेटीही दिसते. लोक तिला 'कॅसिओ' म्हणतात. तिचे नाव कीबोर्ड. वाजवलेले साठवून ठेवण्याची सोय अनेक पेट्यांत असते. पण साठवण दोन तऱ्हेची असते. तो फरक आम्ही सांगतो.

पहिली तऱ्हा खुणांची. कोणती पट्टी दाबली, केव्हा आणि किती जोराने दाबली, एवढेच पेटी टिपते. १९८३ साली निघालेली 'मिडी' ही रीत अशीच आहे. यात चुकलेला सूर मागाहून सुधारता येतो. पण भाकरीची कृती कागदावर लिहिली, म्हणून कागदावर भाकरी येत नाही. तसाच गाणाऱ्याचा गळा यात येत नाही.

दुसरी तऱ्हा आवाजाची. यात यंत्र आवाजच मोजते. सीडीच्या रीतीत एका सेकंदात ४४,१०० वेळा! ही सोय प्रत्येक पेटीत नसते. घेताना दुकानदाराला विचारा. गळा टिपायचा तर माइकही जोडावा लागतो. तशी सोय नसेल तर मोबाइलवर टिपा.

एवढे कशाला पाहायचे? गावचे म्हातारे बुवा जुन्या चाली गातात. त्या कुठे लिहिलेल्या नसतात. रात्रभर भजन टिपले आणि सकाळी नुसती पेटीच वाजली, तर काय उपयोग?

म्हणून आधी एक ओळ टिपा. ती ऐका. बुवांचा आवाज आला का? मग पुढचे टिपा. झाल्यावर पेनड्राइव्हमध्ये दुसरी प्रत ठेवा. आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.