पाण्याचा प्राध्यापक, जमिनीचा कारभार

जमीन मिळणे ही एक गोष्ट आणि ती कसायला साधन मिळणे ही दुसरी. युरोपातल्या रुमानिया देशात हा प्रश्न लाखो शेतकरी घरांपुढे एकदम उभा राहिला. त्या वेळी सरकार चालवीत होते एक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक.

पेत्रे रोमान त्यांचे नाव. बुखारेस्टच्या पॉलिटेक्निकमध्ये ते वाहत्या पाण्याचे शास्त्र शिकवीत. डॉक्टरेट फ्रान्समधील तुलूझची, १९७४ सालची. २२ डिसेंबर १९८९ रोजी लोकांच्या उठावापुढे हुकूमशहा चाउशेस्कू हेलिकॉप्टरने पळाला आणि चारच दिवसांनी हे त्रेचाळीस वर्षांचे प्राध्यापक हंगामी पंतप्रधान झाले. निवडणुकीपर्यंत गाडा ओढायचा, एवढेच खरे तर काम. देशाची सूत्रे ज्यांच्या हाती आली ते इऑन इलिएस्कूही मूळचे पाण्याचेच इंजिनिअर, हा एक योगायोग!

तिथल्या शेतकऱ्याची तेव्हाची स्थिती पाहा. १९४९ ते १९६२ या काळात बहुतेक जमीन सामुदायिक शेतीत गेलेली. पुढे परदेशी कर्ज फेडायचे म्हणून अन्नधान्य बाहेर जाई आणि पिकविणाऱ्याच देशात पावाला रेशन. वर निम्मी खेडी मोडून माणसे इमारतींत कोंबण्याची योजना. नव्या सरकारने ती योजना रद्द केली, अन्नाची निर्यात थांबवली. जानेवारी १९९० मध्ये सामुदायिक शेतीच्या सभासदांना अर्ध्या हेक्टरपर्यंत, म्हणजे सव्वा एकरापर्यंत जमीन दिली.

मे १९९० मध्ये निवडणूक झाली आणि रोमान पंतप्रधानपदी राहिले. फेब्रुवारी १९९१ मध्ये अठरा क्रमांकाचा जमीन कायदा आला. सामुदायिक शेतीत गेलेली जमीन मूळ मालकांना किंवा वारसांना परत मिळणार होती. मर्यादा कुटुंबाला दहा हेक्टर, म्हणजे साधारण पंचवीस एकर. अर्ज करा, दाखला घ्या. मालकीचा पक्का कागद मात्र कित्येकांच्या हाती यायला वर्षे गेली. कागदाची वाट पाहणे काय असते, हे तुम्हाला सांगायला नको.

माझ्या मते जमीन परत दिली हे योग्यच झाले. पण ट्रॅक्टर सरकारी केंद्रांकडेच राहिले. सुमारे तीस लाख हेक्टरांसाठी उभारलेली पाण्याची यंत्रणा मोठ्या सलग शेतांच्या मापाची; दोन-तीन हेक्टरांच्या तुकड्यांना ती कशी पुरी पडणार? पंप बंद पडत गेले. पाण्याच्या प्राध्यापकांच्या कायद्याखाली हे व्हावे, याची मला खंत वाटते.

सप्टेंबर १९९१ मध्ये महागाईने चिडलेले कोळसा खाणींतले कामगार राजधानीत घुसले आणि रोमान यांचे सरकार गेले. १९९७ मध्ये दहा हेक्टरांची मर्यादा पन्नासवर नेली. तुकडे मात्र राहिले: २०२० च्या मोजणीत युरोपीय संघातील दर तीन शेतांपैकी जवळजवळ एक रुमानियातले निघाले, बहुतेक लहान.