‘भूक नाही’ म्हणणारी मुलं

कोल्हापूरकडच्या घरांत पाहुण्याला दोनदा वाढल्याशिवाय उठू देत नाहीत, आणि शहराला चिकटलेल्या उचगावातही रीत तीच. अशा घरात कॉलेजातली पोरगी महिना महिना अर्ध्या भाकरीवर उठते आणि ते कुणाला खटकत नाही, कारण न जेवायला आपल्याकडे सभ्य सबबी भरपूर आहेत. सोमवार, संकष्टी, एकादशी, मग पित्त, मग ‘मैत्रिणीकडं खाऊन आले’. मुलगा असेल तर जिम.

दिल्लीच्या एम्समधले सुधीर खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पाच तरुणींच्या केसेस प्रसिद्ध केल्या. खाणं नाकारणं, सततच्या उलट्या, घटलेलं वजन, थांबलेली पाळी अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आपल्या शरीराविषयीची जी विपरीत कल्पना पाश्चात्त्य पुस्तकांत ॲनोरेक्सिया या खाण्याच्या विकाराची खूण मानली जाते, ती मात्र त्यांच्यात आढळली नाही. त्यामुळे काहींचं निदानही अडलं. मुलगी ‘मी जाड दिसते’ म्हणत नाही, एवढ्यावर पालकांनी निर्धास्त राहू नये.

खाण्याच्या विकारांच्या तऱ्हा वेगवेगळ्या. ॲनोरेक्सियात खाणं तुटत जातं. बुलिमियात ताबा सुटून खूप खाल्लं जातं आणि मग ते उलटीने किंवा अघोरी व्यायामाने ‘फेडलं’ जातं. बिंज ईटिंगमध्ये हे फेडणं नसतं, नुसती लाज उरते. शेवटच्या दोन्हींत वजन बऱ्याचदा नेहमीसारखं किंवा जास्तच असतं, म्हणून अंगकाठी बघून काही कळत नाही. वागण्याकडे बघावं लागतं. घास कुस्करून ताटाच्या कडेला सरकवणं, हात धुतल्याबरोबर बाथरूम गाठून नळ मोठा सोडणं, मे महिन्यातही थंडी वाजणं, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, चक्कर. स्वतः न खाणारी मुलगी घरच्यांसाठी मात्र हौसेने पदार्थ करते, रात्र रात्र रेसिपीचे व्हिडिओ पाहते.

हे शेवटचं कोडं मिनेसोटा विद्यापीठात उलगडलं. १९४४-४५ मध्ये तिथले संशोधक ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना बारीक होण्याची हौस नव्हती. तरी ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, एकेक घास रेंगाळत खाऊ लागले, चिडचिडे झाले, माणसं टाळू लागले. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही काहींचा खाण्यावरचा ताबा बरेच महिने सुटलेला राहिला. म्हणजे उपासमारच मेंदूला अन्नाच्या विचारात अडकवते, आणि अशा मुलाला ‘हट्टी’ म्हणणं निव्वळ अन्याय आहे. आजाराची सुरुवात डाएटने होवो, परीक्षेच्या ताणाने होवो वा कुणाच्या टोमण्याने, पुढे भूकच त्याला पोसते.

तालमींच्या गावांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वजनगट गाठायला पाणी तोडणं, घाम काढणं याला कुस्तीत मेहनत समजतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान असं वजन उतरवताना दगावले, तेव्हा कुठे तिथले नियम बदलले. खुराकावर जातीने लक्ष ठेवणाऱ्या वस्तादांनी पोराच्या उपाशीपणावरही तितकंच ठेवायला हवं.

शंका आली तर ताटावर भांडण काढू नका. वजनाचा विषयही नको. निवांत वेळी ‘तू हल्ली जेवताना घाबरल्यासारखी दिसतेस, काय होतंय?’ एवढं विचारा. मग डॉक्टर. नाडी, रक्तदाब आणि रक्तातलं पोटॅशियम तपासणं गरजेचं, कारण वारंवारच्या उलट्यांनी ते घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट वाढू नये. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं, म्हणून खाणं वाढवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात रुजलेल्या पद्धतीत मुलाला जेवू घालण्याची जबाबदारी आधी आईवडीलच घेतात, आणि मूल सावरेल तशी ती त्याच्याकडे परत देतात. आपल्या एकत्र जेवणाऱ्या घरांना हे जड जाऊ नये.

उचगावहून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय लांब नाही, मानसोपचाराची सोय तिथे आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र कधीही, मराठीतून, मोफत बोलता येतं. मूल बेशुद्ध पडलं, छातीत धडधडू लागलं, पाणीही नाकारू लागलं किंवा जीव देण्याची भाषा करू लागलं, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.