छतावरची वीज : हिशेबाआधी छत कोणाचे ते ठरवा

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही कोळशाची दोन मोठी वीज केंद्रे आहेत. राख आमच्या वाट्याला आणि वीज साऱ्या राज्याला, ही या शहराची जुनी तक्रार. आता याच शहरात घराच्या छतावर वीज तयार होऊ लागली आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. देशात एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात या कामी नागपूर जिल्हा आघाडीवर राहिला आहे. पण मोमीनपुरा, हंसापुरी, टेका या आपल्या वस्त्यांत फिरून पाहा, सौर पॅनल मोजकेच दिसतील. ऊन सगळीकडे सारखेच पडते, मग असे का?

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट लवकर समजावी. एकेकाळी विणकराच्या घरातच माग होता आणि त्याला लागणारी ताकदही घरचीच, हातापायाची होती. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. ताकद वाफेच्या इंजिनात गेली आणि कारीगर भोंग्यावर चालू लागला. पुढे यंत्रमाग आले, ताकद तारेतून येऊ लागली आणि दर महिन्याला बिल येऊ लागले. आज दीडशे वर्षांनी ताकद पुन्हा घरात येऊ पाहत आहे. ती घेण्याची आपली तयारी आहे का, एवढाच प्रश्न आहे.

हिशेब असा

एक किलोवॉटच्या पॅनलला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. त्यातून महिन्याला सुमारे १०० ते १२० युनिट वीज मिळते. अनुदान पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. समजा, तीन किलोवॉटचा खर्च दोन लाख आला. अनुदान वजा जाता खिशातून १,२२,००० रुपये गेले. बिलात महिन्याला २,५०० रुपये वाचले तर सुमारे चार वर्षांत रक्कम वसूल होते. पॅनलची हमी साधारण २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा तरी बदलावा लागतो, तो खर्च आताच धरून ठेवावा.

महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये वेगळी योजना आणली. त्यात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एका किलोवॉटसाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात. हातावर पोट असलेल्या कारीगराने याची चौकशी जरूर करावी.

काही गैरसमज

नागपूरचे ऊन ४५ अंशांवर जाते, म्हणून मे महिन्यात वीज भरपूर, असे लोक समजतात. पॅनलला उजेड हवा, उष्णता नव्हे. पॅनल तापले की प्रत्येक अंशाला उत्पादन थोडे थोडे उतरते. धूळ आणि राख बसली तरीही तेच. म्हणून सकाळी, काच तापण्याआधी, पॅनल धुण्याची सवय ठेवावी.

दुसरा गैरसमज, वीज गेली तरी आपले दिवे चालतील. बॅटरी नसलेली यंत्रणा लाईन बंद होताच स्वतःही बंद होते. तसे नसते तर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव गेला असता. दिवसाची जादा वीज महावितरणच्या तारेत जाते आणि नेट मीटरवर तिची नोंद होऊन ती बिलातून वजा होते. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटला भाव कमी मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवू नये.

तिसरी गोष्ट दुकानदारांसाठी. हे अनुदान घरगुती जोडणीलाच आहे. खाली दुकान आणि वर घर असेल तर अनुदान घराच्या मीटरवरच मिळेल. दुकान-कारखान्याला अनुदान नाही, पण आयकरात सौर यंत्रणेवर ४० टक्के दराने घसारा मिळतो. आपल्या सी. ए.ला विचारावे.

खरी अडचण कागदाची

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या जुन्या मोहल्ल्यांत घर आजोबांच्या नावावर, मीटर मरहूम वालिदांच्या नावावर आणि राहणारे चार भाऊ, असा प्रकार घरोघरी आहे. बहिणींचा हिस्सा कागदावर कुठेच नाही. छत एक आणि मीटर चार, मग पॅनल कोणाचे? मीटर हयात नसलेल्याच्या नावावर असेल तर अर्ज तिथेच अडकतो. भाडेकरूला तर छतावर हक्कच नाही.

आजवर छत म्हणजे पापड वाळवायची आणि पतंग उडवायची जागा होती. आता तिला मोल आले आहे, आणि मोल आले की भांडण येते. तेव्हा भावा-बहिणींनी एकत्र बसून शरीयतप्रमाणे वाटणी लिहून काढावी, मीटरचे नाव बदलून घ्यावे, थकबाकी भरावी. याला फार पैसा लागत नाही, दिलाची तयारी लागते.

बँका या कामासाठी सुमारे सहा टक्क्यांनी तारणाशिवाय कर्ज देतात. ज्यांना व्याज नको, त्यांनी एक-दोन किलोवॉटपासून रोखीने सुरुवात करावी किंवा बिनव्याजी पतसंस्थांकडे मागणी करावी. पतसंस्था चालवणाऱ्यांनीही शादीच्या कर्जाइतकाच या कर्जाचा विचार करावा. हे कर्ज बिलाच्या बचतीतूनच फिटत जाते.

बांगलादेशात २००३ पासून सोप्या हप्त्यांवर ४० लाखांहून अधिक घरांत सौर दिवे लागले. पुढे गावोगावी वीज पोहोचली आणि त्यातले बरेच संच अडगळीत गेले. धडा असा की शेजाऱ्याचे पाहून नव्हे, आपली गरज पाहून घ्यावे.

घेण्यापूर्वी

ठेकेदार योजनेत नोंदलेला आहे का ते पाहावे. अनुदानासाठी भारतात बनलेल्या सेलचेच पॅनल लागतात, तसे बिलावर लिहून घ्यावे. पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडे असते, तीही लेखी घ्यावी. शेजारच्या उंच इमारतीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी स्वतः छतावर जाऊन पाहावी. एका पॅनलवर सावली पडली तरी पूर्ण रांगेचे उत्पादन घटू शकते.

आपण थान घेताना पन्हा मोजतो, सूत चोळून पाहतो आणि मगच सौदा करतो. छताचा सौदाही तसाच करावा, आणि पहिले माप घरच्या कागदांचे घ्यावे.